ग्रूव्ह्ड पाइप फिटिंग्ज: कोणती कुठे वापरावी

ग्रूव्ह्ड जोडणीत वेल्डिंग नसते आणि आटेही नसतात. पाइपाच्या टोकाजवळ पाडलेल्या खाचेत (ग्रूव्हमध्ये) कपलिंगच्या, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या दोन भागांच्या धातूच्या कड्याच्या, कडा अडकतात, आतले रबरी गॅस्केट गळती रोखते आणि बोल्ट सांधा आवळून धरतात. म्हणून फिटिंग्जची निवड एल्बो किंवा टीपासून नव्हे, तर कपलिंगपासून सुरू करावी.

रिजिड कपलिंग सांध्याला जवळजवळ हलू देत नाही, त्यामुळे लांब सरळ मार्गांसाठी आणि यंत्रघरातील पाइपांसाठी ते योग्य ठरते. फ्लेक्सिबल कपलिंग थोडे वळण आणि थोडे सरकणे सामावून घेते; पंपाजवळची कंपने, तापमानामुळे होणारे प्रसरण किंवा जमीन खचण्याची शक्यता असेल तेथे तेच घ्यावे. मात्र सर्वत्र फ्लेक्सिबल वापरण्याचा मोह टाळावा, कारण पुरेसे आधार नसल्यास मार्ग झोल खातो.

गॅस्केटकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, हे दुर्दैव आहे. पाण्यासाठी ईपीडीएम हे कृत्रिम रबर उत्तम. परंतु खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते, त्यामुळे तेलवाहिनीत तेलात टिकणारे नायट्राइल रबर वापरावे. बसवताना ईपीडीएमला पेट्रोलियमयुक्त ग्रीसही लावू नये.

दिशा बदलण्यासाठी 90 आणि 45 अंशांचे एल्बो, फाट्यासाठी टी आणि टोक बंद करण्यासाठी कॅप असते. व्यास बदलणाऱ्या रिड्यूसरमध्ये मात्र विचार हवा: पंपाच्या आडव्या सक्शन (पाणी आत ओढणाऱ्या) मार्गावर एकाक्ष, म्हणजे दोन्ही तोंडांचे मध्य एका रेषेत असलेल्या, रिड्यूसरमध्ये वरच्या बाजूस हवा साचू शकते, म्हणून तेथे एक्सेंट्रिक (एक बाजू सपाट असलेला) प्रकार घेऊन त्याची सपाट बाजू सहसा वर ठेवतात. फ्लँज (बोल्टसाठी भोके असलेली चकतीसारखी कड) असलेल्या व्हॉल्व्हशी जोडणी करायची असल्यास फ्लँज अडॅप्टर लागतो. चालू मार्गाला नंतर फाटा काढायचा झाल्यास, आधी मार्ग बंद करून त्यातील दाब काढावा, मग पाइपाला भोक पाडून त्यावर मेकॅनिकल टी (बाहेरून बोल्टने आवळायचा फाटा) बसवावी; भोकातून निघालेली धातूची चकती बाहेर काढली नाही, तर ती वाहत जाऊन, उदाहरणार्थ, आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचा मार्ग अडवू शकते.

खाचेचेही दोन प्रकार आहेत. रोल ग्रूव्हमध्ये धातू दाबला जातो, कट ग्रूव्हमध्ये तो कापून काढला जातो. त्यामुळे पातळ भिंतीच्या पाइपाला कट ग्रूव्ह कधीही करू नये. खाच आणि गॅस्केटची जागा यांमध्ये ओरखडे, रंगाचे पापुद्रे किंवा बुरी (कापल्यावर कडेला उरलेले धातूचे टोकदार कंगोरे) राहू देऊ नयेत. बोल्ट आळीपाळीने, समान आवळावेत, कारण एकच बाजू आधी घट्ट केल्यास गॅस्केट चिमटले जाते. आवळून झाल्यावर कपलिंगच्या दोन्ही भागांचे धातू एकमेकांस टेकावेत की त्यांत फट राहावी, हे प्रकारानुसार ठरते आणि ते निर्मात्याच्या सूचनापत्रात पाहूनच तपासावे.