तर, तरच आणि ‘च’ : तर्काच्या प्रश्नांत या चुका टाळा

नागपुरात बर्डीजवळच्या एका खोलीत स्पर्धा परीक्षेच्या पोट्ट्यांना रीझनिंग शिकवून बारा वर्षं झाली. बॅच बदलते, चुका त्याच राहतात. विधान-निष्कर्षाच्या प्रश्नात ना आकडेमोड असते, ना पाठांतर. चार ओळी मराठी नीट वाचायची असते, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं.

नियम उलटा फिरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ‘पाऊस आला तर मैदान ओलं होतं. मैदान ओलं आहे. म्हणून पाऊस आला.’ अरे, टँकरवाल्याने पाणी मारलं असेल! आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या न्यायशास्त्राच्या पंडितांनी, हा घोळ कधीच निस्तरून ठेवलाय. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे पण धूर नाही. धूर निघायला सरपण ओलं लागतं.

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी टेबलावर चार पत्ते ठेवतो. त्यांवर दिसतं : अ, क, ४, ७. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटायचे? जवळजवळ सगळे ‘अ आणि ४’ म्हणतात. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे कोडं मांडलं, तेव्हापासून लोक तिथेच पडताहेत. उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागे ‘क’ निघाला तरी नियमाचं काही बिघडत नाही. साताच्या मागे ‘अ’ निघाला तर मात्र नियम गेला. माझी सवय तीच आहे : वाक्य खरं ठरवत बसत नाही, ते कुठे मोडेल ते शोधतो.

‘च’ गिळून टाकणं

मे महिना, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. मी बसतो त्या अभ्यासिकेत कूलर एकाच हॉलमध्ये. दारावर पाटी : ‘मासिक फी भरलेल्यांनाच कूलर हॉलमध्ये प्रवेश.’ एक पोट्टा पावती घेऊन आला, आत जागा नव्हती. सांभाळणारे भाऊ म्हणाले, उद्या लवकर ये. हा पेटला. “काहून? पाटीवर लिहिलं आहे ना, फी भरली की प्रवेश!” अर्धा तास वाद. शेवटी दोघं माझ्याकडे आले, आणि मी गाढवासारखं खरं बोललो : पाटी म्हणते, आत जो आहे त्याने फी भरलेली आहे. ज्याने फी भरली तो आत जाईलच, असं ती कुठे म्हणते? पोट्टा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. खुर्च्यांपेक्षा जास्त पावत्या फाडल्या होत्या, हा भाग वेगळा. त्या बाबतीत त्याचं शंभर टक्के बरोबर होतं.

पुढच्याच टेस्टमध्ये मी मुद्दाम टाकलं : ‘पदवीधरांनाच अर्ज करता येतो. मीना पदवीधर आहे. म्हणून मीनाला अर्ज करता येतो.’ त्याने ‘निष्कर्ष निघतो’ वर खूण केली! वयाची अट असू शकते, बाबा.

‘च’ कुणाला चिकटलाय ते बोट ठेवून बघायचं. ‘संत्रीच गोड असतात’ म्हणजे गोड काही सापडलं तर ते संत्रंच. पण प्रत्येक संत्रं गोड निघेल याची हमी नाही. ‘संत्री गोडच असतात’ म्हणजे प्रत्येक संत्रं गोड. मग केळंही गोड असलं तरी हरकत नाही. ‘तर’ आणि ‘तरच’ यांतही हाच फरक. मी पेन्सिलीने ‘च’ला गोल करतो. पोरं हसतात, हसू देत.

शॉर्टकटचा नाद

व्हिडिओ बघून आलेला म्हणतो, “सर, ‘सर्व’चं वाक्य अधिक ‘काही’चं वाक्य, निष्कर्ष नाही. दोन सेकंदांत.” बरं. मग हे घे : ‘सर्व डॉक्टर खेळाडू आहेत. काही डॉक्टर गायक आहेत.’ तो लगेच म्हणतो, निष्कर्ष नाही. अरे, जे डॉक्टर गातात ते खेळाडूही आहेतच ना? म्हणजे काही गायक खेळाडू आहेत. तुझं सूत्र चालतं ते पहिल्या वाक्याचं शेपूट दुसऱ्याचं तोंड असेल तेव्हा. इथे दोन्ही वाक्यांचं तोंड एकच, डॉक्टर. हे त्या व्हिडिओत सांगितलं असेलही, पण तोवर थांबतो कोण? यूपीएससीच्या सीसॅट या पात्रता पेपरला ८० प्रश्नांत पास व्हायला ३३ टक्के गुणच लागतात म्हणून निवांत असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण जातात.

प्रत्येक गटाचं एक अशी वर्तुळं काढा, पण एकच चित्र काढून थांबू नका. आपल्याला हवं तेच चित्र हात आधी काढतो. निष्कर्ष खोटा पडेल असं दुसरं काढून बघा. निघालं, तर निष्कर्ष गेला.

बाकीच्या किरकोळ

‘काही’ म्हणजे किमान एक. सगळे असले तरी ‘काही’ खरंच राहतं.

‘सगळी मुलं आली नाहीत’ म्हणजे एकही आलं नाही, असं नव्हे.

‘किंवा’ दिसलं की दोन्ही एकदम खरं असू शकतं का, हे प्रश्नातच शोधा. चहा किंवा कॉफी विचारणाऱ्या मावशींचा ‘किंवा’ वेगळा.

आणि ‘सर्व वाघ शाकाहारी आहेत’ असं दिलं असेल तर पेंचचा वाघही पालक खातो. वाद घालू नका. गेल्या वर्षी एकीने घातला, वीस मिनिटं, आणि उरलेले सहा प्रश्न कोरे सोडून घरी गेली.