फॅक्स मशीनवरून ई-मेल पाठवायचा आणि घ्यायचा कसा

फॅक्स मशीनवरून मेल जातो म्हटलं की लोक आधी हसतात. पण जातो, आणि येतोसुद्धा. भोसरीला माझ्या मावसभावाचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, तिथलं प्रिंटर-राउटर-वायफाय सगळं माझ्याच गळ्यात आहे. त्याचं एक गिऱ्हाईक जपानी आहे, त्यांचा माणूस ड्रॉइंगवर पेनने खुणा करून फॅक्सच करतो, त्याला मेल कर म्हणून सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. जपानमध्ये २०२१ साली खुद्द मंत्री तारो कोनो यांनी सरकारी ऑफिसांतून फॅक्स काढायचं ठरवलं होतं तर खात्यांनीच शेकड्यांनी हरकती घेतल्या आणि तो बेत बारगळला, तर आपण कोण. त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे नऊ वाजता फॅक्स सुटला की इकडे पहाटेचे साडेपाच, शटर बंद. म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी मशीन बघा. घरी कोपऱ्यात पडलेलं थर्मल रोलवालं मशीन असेल तर त्याला फक्त फोनची वायर कळते, मेल कळत नाही, त्याच्यासाठी शेवटी एक मार्ग सांगतो. मागे नेटवर्कचं सॉकेट असलेलं किंवा वायफाय असलेलं ऑल-इन-वन असेल तर काम होऊ शकतं. ब्रदर, रिको, कॅनन, शार्प वगैरेंच्या ऑफिसवाल्या मॉडेल्समध्ये 'आय-फॅक्स' किंवा 'इंटरनेट फॅक्स' नावाचं फीचर असतं. ब्रदरच्या काही मॉडेल्समध्ये ते आधीपासून चालू नसतं, कंपनीच्या साइटवरून उतरवून मशीनमध्ये घालावं लागतं, त्यामुळे मेनूत दिसलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. आणि हे काही कोणाचं जुगाड नाहीये, टी.३७ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड १९९८ पासून आहे याचं. कागद स्कॅन होतो, त्याची टिफ नावाची चित्राची फाइल बनते, ती साध्या मेलला जोडून जाते, पलीकडचं मशीन मेल उचलतं आणि छापतं. फोन लागतच नाही.

मशीनला मेल अकाउंट देताना एक गोष्ट माझी ऐका, स्वतःचा किंवा ऑफिसचा चालू मेल देऊ नका. मशीन इनबॉक्समध्ये जे सापडेल ते छापायला घेतं, रात्रभर ऑफरचे मेल छापून ट्रे रिकामा झालेला मी बघितलाय. वेगळा मेलबॉक्स काढा, त्याचा पत्ता लागेल त्यालाच द्या, व्हिजिटिंग कार्डावर टाकू नका.

आता सेटिंग. मशीनच्या छोट्या पॅनलवर हे करत बसू नका, जुन्या मोबाइलसारखं एकेक बटण तीनतीनदा दाबावं लागतं आणि ते 'अ‍ॅट'चं चिन्ह स्टार नाहीतर हॅशच्या खाली कुठेतरी दडलेलं असतं. त्यापेक्षा मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस ब्राउझरमध्ये टाका, मशीनचं स्वतःचं पेज उघडतं, तिथे आरामात कीबोर्डवरून टाइप करा. नेटवर्कमध्ये पॉप-थ्री आणि एसएमटीपी नावाचे रकाने असतात. मेल बाहेर जातो एसएमटीपीने, आत येतो पॉप-थ्रीने. जीमेलचं अकाउंट असेल तर एसएमटीपीचा पोर्ट ४६५ किंवा ५८७ आणि पॉपचा ९९५, दोन्हीकडे एसएसएल किंवा टीएलएस (मेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून घातलेलं कुलूप) चालू, आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप चालू आहे ना ते एकदा बघा. ज्या मशीनमध्ये एसएसएलचा पर्यायच नाही त्याला आजकालचे सर्व्हर दारात उभं करत नाहीत, तिथे जीमेलचा नाद सोडा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पासवर्डवर. पासवर्ड बरोबर टाकलाय, दहादा तपासलाय, तरी मशीन 'ऑथेंटिकेशन एरर' म्हणतं. कारण गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या पासवर्डने असल्या उपकरणांना आत घेणं बंद करायला सुरुवात केली. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग 'अ‍ॅप पासवर्ड' काढायचा, तो १६ अक्षरांचा असतो, तोच मशीनमध्ये टाकायचा, मधल्या मोकळ्या जागा न घालता. आउटलुक डॉट कॉमच्या पर्सनल अकाउंटला तर १६ सप्टेंबर २०२४ पासून ही नुसत्या पासवर्डची वाटच बंद आहे, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. स्वतःच्या डोमेनचा मेल असेल, होस्टिंगवाल्याने दिलेला, तर तो सगळ्यात कमी कटकटीचा.

झालं. पाठवायला कागद फीडरमध्ये घाला, फॅक्स दाबा, नंबरच्या जागी मेल पत्ता द्या (तो आधीच ब्राउझरमधून अ‍ॅड्रेस बुकमध्ये टाकून ठेवा), स्टार्ट. पण इथे जरा थांबा. समोर मशीन आहे की माणूस? समोर आय-फॅक्सवालं मशीन असेल तरच आय-फॅक्सने पाठवा. समोरचा मोबाइलवर बघणारा माणूस असेल तर 'स्कॅन टू ई-मेल' वापरा आणि पीडीएफ पाठवा, कारण चार पानांची टिफ फाइल बऱ्याच फोनवर उघडतच नाही किंवा उघडली तर पहिलंच पान दिसतं आणि तो माणूस तुम्हाला फोन करून बाकीची पानं कुठायत विचारतो.

रिझोल्यूशन 'फाइन' ठेवा, निदान मराठी कागद असेल तर नक्कीच. साध्या 'स्टँडर्ड'मध्ये आडवे २०४ ठिपके असतात पण उभे इंचाला फक्त ९८, त्यात इंग्रजी निभावून जातं, पण आपले अनुस्वार, रफार, उकार जातात की हो वाऱ्यावर. सातबाऱ्याचा उतारा स्टँडर्डमध्ये पाठवून बघा, नावांवरचे सगळे टिंब गायब. फाइनमध्ये उभे १९६ होतात, मग वाचता येतं. आणि लाल पेन, हायलायटर विसरा, पलीकडे सगळं काळंपांढरं.

उलट्या दिशेचं, म्हणजे तुम्ही लॅपटॉपवरून मेल पाठवायचा आणि मशीनमधून कागद निघायचा. मेलचा साधा मजकूर मशीन छापतं, पण त्याच्याकडे देवनागरीचा फॉन्ट नसतो, मराठीत लिहिलं तर कचरा छापून येतो. पीडीएफ, वर्ड जोडलं तर बरीच मशीनं ते छापतच नाहीत, टिफच लागते, आणि तीही फॅक्सच्या मापाची. मराठी पत्र पाठवायचं तर असं करा, वर्डमध्ये १४ पॉइंटच्या खाली न जाता लिहा, पीडीएफ करा, त्याचं चित्र करा, मग इरफानव्ह्यूसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रुंदी १७२८ पिक्सेल करा (ए-फोर कागदाला फॅक्सची हीच रुंदी), रंग कमी करून फक्त काळा-पांढरा, आणि टिफ म्हणून सेव्ह करताना कॉम्प्रेशनमध्ये 'फॅक्स ३' निवडा. हे मेलला जोडा. मशीनवर पॉपचं 'ऑटो पोलिंग' चालू असेल तर ते दर काही मिनिटांनी इनबॉक्समध्ये डोकावतं, आमच्याकडे १० मिनिटांवर ठेवलंय, म्हणजे मेल टाकल्या टाकल्या कागद निघेल अशी अपेक्षा ठेवून मशीनसमोर उभं राहू नका.

ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते अजून राहिलं, फोनवरून आलेला खराखुरा फॅक्स मेलवर मिळवणं. माझ्या मते दहातल्या आठ लोकांना एवढंच हवं असतं. फॅक्स मेनूत 'मेमरी रिसीव्ह' किंवा 'फॅक्स फॉरवर्ड' असं काहीतरी असतं, तिथे फोन नंबरऐवजी मेल पत्ता द्यायचा. मग मशीन विचारतं 'बॅकअप प्रिंट', त्याला हो म्हणा. नाही म्हटलं आणि त्या रात्री नेट गेलं तर तुमच्या हातात कागदही नाही आणि मेलही नाही. आता पहाटे साडेपाचला जपानवरून खुणा केलेलं ड्रॉइंग येतं, भावाच्या फोनवर टुणकन वाजतं, तो चहा पिता पिता बघतो आणि शॉपवर पोचायच्या आत ऑपरेटरला कुठला जॉब आधी लावायचा ते सांगून टाकतो.

पण फोनचीच लाइन धड नसेल तर यातलं काहीच चालत नाही, आणि हल्ली तीच भानगड जास्त. तांब्याची वायर जाऊन फायबर आलं, फोन आता राउटरच्या ढुंगणाला जोडलेला असतो. आवाज छान येतो पण फॅक्स अर्ध्या पानावर मरतो, कारण तो आवाज पाकिटं करून नेटवरून जातो, कानाला थोडं इकडेतिकडे झालं तर कळत नाही, फॅक्सच्या मोडेमला लगेच कळतं. मशीनच्या फॅक्स सेटिंगमध्ये 'कंपॅटिबिलिटी' शोधा, ब्रदरमध्ये चक्क 'बेसिक (फॉर व्हीओआयपी)', म्हणजे नेटवरच्या फोनसाठीचा, असा पर्याय दिलाय, तो लावा. तो स्पीड ९६०० वर आणतो आणि ईसीएम नावाची चुका दुरुस्त करणारी व्यवस्था बंद करतो. ऐकायला उलटं वाटतं, पण खराब लाइनवर ती व्यवस्था तेच तेच तुकडे परत मागत बसते आणि शेवटी कॉल तुटतो. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर स्पीड आणि ईसीएम वेगवेगळे बदलावे लागतील. तरी नाही जमलं तर फोनवाल्याला विचारा टी.३८, म्हणजे फॅक्स नेटवरून नीट नेण्याची पद्धत, देता का. कस्टमर केअरवरच्या मुलीला ते माहीत असेल अशी आशा नको, टेक्निकल माणूस मागून घ्या.

आता ज्यांच्याकडे असलं मशीन नाही किंवा लाइनच नाही. मेल-टू-फॅक्सच्या सर्व्हिस असतात, ई-फॅक्स हे त्यातलं जुनं नाव. पद्धत सगळ्यांची साधारण एकच, 'टू'मध्ये देशाच्या कोडसकट फॅक्स नंबर, पुढे अ‍ॅट, पुढे कंपनीचं डोमेन. अधिकचं चिन्ह, शून्य-शून्य काही घालायचं नाही. पीडीएफ जोडा, सेंड करा, ते त्यांच्या टोकाहून फोन लावतात. सब्जेक्टमध्ये जे लिहाल ते बऱ्याचदा कव्हर पेजवर छापलं जातं हे लक्षात ठेवा. आणि ज्या मेल पत्त्याने खातं उघडलं त्याच पत्त्यावरून पाठवा, दुसऱ्यावरून पाठवलं तर नाकारतात. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना हे बरंच लागतं, तिकडचे दवाखाने अजून रिपोर्ट फॅक्सने मागतात, पुण्यात बसून अमेरिकेत कंपनी काढणाऱ्यांनाही तिथल्या टॅक्स खात्याला कंपनीच्या टॅक्स नंबरसाठीचा एसएस-४ फॉर्म फॅक्स करायची वेळ येते. एकाच फॉर्मसाठी वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊ नका, ट्रायल बघा, आणि कार्ड दिलं असेल तर बंद करायची तारीख आधीच मोबाइलमध्ये लावा. आधार, पॅन पाठवत असाल तर ती कंपनी तुमचा कागद बघू शकते एवढं गृहीत धरा.

ही कल्पना नवीन नाही बरं का. १९९३ मध्ये कार्ल मालामूद आणि मार्शल रोझ या दोघांनी टीपीसी डॉट इंट नावाचा प्रयोग केला होता, मेल पाठवायचा आणि जगाच्या त्या भागातला कोणीतरी स्वयंसेवक आपल्या फोनवरून लोकल कॉल करून तो फॅक्स करायचा, चकटफू. आजही काही मशीनमध्ये 'रिले' नावाचं सेटिंग असतं ते याचंच भावंड, म्हणजे मुंबईच्या ऑफिसातलं मशीन मेल घेतं आणि तिथून पुढे फोनने फॅक्स करतं. वापरणार असाल तर 'ट्रस्टेड डोमेन'मध्ये फक्त तुमचंच डोमेन टाका, नाहीतर फोनचं बिल तुमचं आणि फॅक्स दुसऱ्याचा. वापरणार नसाल तर बंद ठेवा.

आणि पावतीचं बघा, यात व्यवहार अडकतो. फोनवरच्या फॅक्सला 'ओके' छापून येतं तेव्हा पलीकडच्या मशीनने पान घेतलं असं त्याने स्वतः कळवलेलं असतं. आय-फॅक्समध्ये तोच 'ओके' आला तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या मेल सर्व्हरने मेल ठेवून घेतला. तो स्पॅममध्ये गेला, बाउन्स झाला, पलीकडचं मशीन आठवडाभर बंद आहे, यातलं काहीही असू शकतं. आय-फॅक्सच्या सेटअपमध्ये पाठवतानाच्या 'नोटिफिकेशन'ला ऑन करा, पलीकडच्या मशीनलाही ते जमत असेल तर छापल्याची पोच मेलने परत येते. समोर मशीन नसून साधा जीमेलवाला असेल तर ती पोच येणार नाही, तिथे सरळ फोन करून विचारा. टेंडर, कोर्टाची तारीख, क्लेम असलं काही असेल तर मी अजूनही फोनच्या लाइनवरूनच पाठवतो आणि तो ट्रान्समिशन रिपोर्ट फाइलला लावतो. रिपोर्ट थर्मल कागदावर येत असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवा, तो कागद काही काळाने कोरा पडतो.