किल्ली दाराशी टांगू नका

आमच्या इंग्लंडमधल्या स्लाउच्या घरात गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला असायची. डोंबिवलीची सवय! कीलेस गाडीला, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली की उघडणाऱ्या गाडीला, तीच नडते. चोर दोघं असतात: एक यंत्र घेऊन तुमच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक (रेडिओ सिग्नल) किल्लीपर्यंत पोचवली, किल्लीनं ओ दिली, की गाडी उघडते आणि सुरूही होते. काच फुटत नाही की आवाज होत नाही. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिच विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये १० मॉडेलांवर हे करून पाहिलं, दहाही फसली.

तेव्हा किल्ली फॅरडे पाऊचमध्ये, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या धातूच्या अस्तराच्या पिशवीत, ठेवा. पण विकत आणलं की झालं असं नाही. किल्ली आत घाला, पाऊच नीट बंद करा, गाडीला खेटून उभं राहा आणि हँडल ओढा. उघडली, तर पाऊच परत करा. मी आधी पोह्यांचा स्टीलचा डबा वापरला होता. झाकण जरा तिरकं बसलं नि गाडी खुशाल उघडली. पाऊच घडीवर झिजतं, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा. दुसरी किल्लीही त्यातच ठेवा, कपाटात नको.

मॅन्युअलमध्ये कीलेस बंद करायची सोय दिसली तर सरळ बंद करा.

शिवाय स्टिअरिंगला जाडजूड लोखंडी लॉक लावा. बायको हसते, हसू दे. ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या आत मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटमधून) नवी किल्ली जोडून घेणाऱ्याला पाऊच अडवत नाही.