रिइन्फोर्समेंटमधून गेलेल्या वडिलांचा युद्धकाळ कसा लिहून ठेवावा

लढाईत पलटणीची माणसे कमी झाली की रेजिमेंटच्या प्रशिक्षण सेंटरमधून रिइन्फोर्समेंट, म्हणजे भरपाईचे जवान, पाठवले जातात. असे अनोळखी पलटणीत गेलेल्या बाबांची हकिकत लिहायला घरचे बहुधा पलटणीचा इतिहास उघडून बसतात. मग ते पोहोचण्याआधीची लढाईही त्यांच्या नावावर चढते. १९७१च्या डिसेंबरात जंगी पलटण, म्हणजे १ मराठा, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. पण नंतर भरपाईला आलेला जवान तिथे नव्हता. म्हणून आधी एकच तारीख शोधा: पलटणीत हजर झाल्याची.

डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळालेल्या पुस्तिकेत) ती नसेल तर शीट रोल (जवानाचा सेवापट) आणि पार्ट टू ऑर्डर (जवानांच्या नोंदींचा लेखी आदेश) पाहावी लागते, तिथे ‘टी.ओ.एस.’ म्हणजे पटावर घेतल्याची नोंद. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख द्या. बाबा हयात असतील तर सही त्यांचीच हवी. १९६१पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. पेडणे-सत्तरीकडचा मुलगा सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या नातलगाचा पत्ता देऊन भरती झालेला असू शकतो. तेव्हा दोन्ही पत्ते आणि आडनावाची दोन्ही रूपे लिहा.

१९७१च्या युद्धाच्या पदकांत ‘पूर्वी स्टार’ असेल तर आघाडी पूर्वेची, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेची. संग्राम मेडलवरून आघाडी ठरत नाही. मेडलच्या कडेला किंवा स्टारच्या पाठीवर कोरलेला नंबर भिंगातून वाचा. चकचकीत करायला घासू नका, अक्षरे झिजतात.

बोलते करणे मात्र कठीण. ‘लढाई सांगा’ म्हटले की दोन वाक्यांत सगळे संपते. हाताशी धरता येईल असे विचारा: पहिल्या रात्री मोर्चात (खंदकात) सोबत कोण होता? परवलीचा शब्द कुणी सांगितला? लंगर (पलटणीचे स्वयंपाकघर) कुठे होता? रायफल आपली होती की तिथे मिळाली? ‘तुमच्या आधी त्या जागी कोण होता?’ हे शेवटी, आणि बाबा स्वतः त्या वाटेला आले तरच. मेलेल्याची जागा घेतल्याचे ओझे अनेकांनी घरात कधी बोललेले नसते. ते गप्प झाले तर प्रश्न पुन्हा विचारू नका. रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, हातभर अंतरावर. पावसाळ्याआधी कागदांचे फोटो काढा. लॅमिनेशन नको, आत दमट हवा अडकली की बुरशी धरते.

उतरवताना बाबांचे शब्द एका रकान्यात, कागदावरची नोंद दुसऱ्यात. सोबत्याचे नाव आठवले नाही तर जागा मोकळी सोडा, पलटणीच्या यादीतले नाव अंदाजाने घालू नका.