तहाराला पहिल्यांदा उभं राहताना

शोकाचे शिवाचे सात दिवस, श्लोशीमचे तीस, अकरा महिन्यांची कद्दीशची प्रार्थना, हे सगळं आपण यहुदी घरात पाहिलेलं असतं. हेव्रा कदीशात, म्हणजे मयताची तयारी करणाऱ्या मंडळात, नव्याने येणाऱ्या बायकांना मला सांगायचंय ते मयताच्या अंघोळीबद्दल, तहाराबद्दल. मी इथे इस्राएलमध्ये लोदला हे काम शिकले आणि पहिल्याच खेपेला चुकले.

अंग धुणं वेगळं, शुद्धीचं पाणी ओतणं, म्हणजे खरी तहारा, वेगळी. आधी कोमट पाण्यानं डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. धुताय तेवढाच भाग उघडा. त्यानंतर नऊ कव (कव हे जुनं हिब्रू माप) पाणी, आमच्याकडे तीन बादल्यांत मिळून 24 लिटर, डोक्याकडून पायांकडे ओतायचं. धार तुटता कामा नये. पहिली बादली रिती व्हायच्या आत दुसरी सुरू, दुसरी संपायच्या आत तिसरी.

मी दुसऱ्या बादलीला होते. समोरचीचं पुरतं ओतून होऊ दे म्हणून थांबले. क्षणभरच.

"अगं, धार तुटली. पहिल्यापासून," मावशी म्हणाल्या.

तिन्ही बादल्या पुन्हा भरेपर्यंत त्या बाई ओल्या फळीवर तशाच. मला ते अजून सलतं.

तीन बादल्या मिळून एकच माप होतं, म्हणून खंड चालत नाही. दुसरीच्या हाताकडे बघू नका, तिच्या बादलीच्या बुडाकडे बघा. बूड वर उचललं गेलं की तुमची धार पडलीच पाहिजे. आधी रिकाम्या टेबलावर तिघींनी सराव करा. व्हिडिओ बघून हे येत नाही, भरल्या बादलीचं वजन मनगटाला कळावं लागतं. आणि घाईघाईनं उरकणारीकडे शिकू नका, ती कितीही जुनी असो. पहिल्या खेपेला नुसत्या बादल्या भरल्यात तरी पुष्कळ झालं.

बाकीच्या चुका निस्तरता येतात. तख्रीखीमला, म्हणजे मयताच्या कफनी कपड्यांना, खिसा नाही, गाठ नाही. कपड्यांचे बंद पिळून हिब्रू 'शीन' अक्षरासारखे बसवायचे. सवयीनं गाठ पडलीच तर सोडवा, घाबरू नका. वस्तू मात्र मयतावरून एकमेकींना देऊ नका, वळसा घालून जा.

शेवटी हिब्रू नावानं हाक मारून माफी मागतात, मान राखण्यात काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणून. त्या बाई अलिबागकडच्या, आमच्यातल्याच. हिब्रू म्हणून झाल्यावर मी त्यांची मराठीतही माफी मागितली.