मेक मॉड वापरताय? आधी तो नेमका कुठे तापतोय ते बघा

मॉड म्हणजे ई-सिगारेटचा बॅटरीवाला भाग. रेग्युलेटेड मॉडमध्ये चिप असते, शॉर्ट झालं की ती करंट तोडते, सेल उतरला की सांगते. मेक (मेकॅनिकल) मॉडमध्ये यातलं काहीच नाही, एक नळी, एक सेल, एक बटण आणि वर ॲटी (ॲटोमायझर, ज्यात कॉइल तापून लिक्विडची वाफ होते), बस्स. म्हणजे चिपचं काम आपणच करायचं, आणि त्यासाठी मॉड हातात धरून तो कुठे तापतोय हे ओळखता यायला हवं. (भारतात २०१९ च्या कायद्याने या वस्तूंचं उत्पादन, आयात, विक्री सगळंच बंद आहे, त्यामुळे हे यूकेबिकेत राहून आधीपासून वापरणाऱ्यांसाठी. जे ओढतच नाहीत त्यांनी प्लीज सुरू करू नका.)

ॲटीजवळ तापत असेल तर ती कॉइलची उष्णता. बरीचशी लिक्विडची वाफ करण्यात जाते, उरलेली पोस्टमधून (कॉइल पकडणारे खांब) डेकमध्ये (ॲटीचा तळ) आणि तिथून नळीत उतरते. लागोपाठ ओढत राहिलात आणि कॉइलमधला लिक्विड शोषणारा कापूस सुकला की ती सगळी खालीच येते. थोडं थांबा, लिक्विड घाला, झालं.

बटण तापतंय? मग कॉन्टॅक्ट खराब आहे. १७ अँपिअर जात असताना तिथे नुसता १० मिलिओहम रेझिस्टन्स असला तरी जवळपास ३ वॉट बटणातच जळतात, आणि करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट. तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर लिंबू-मीठ लावून चोळा, धुवा, पूर्ण कोरडे करा, आटेही पुसा.

मधली नळी तापतेय तर मात्र तो सेल आहे, लगेच बटण सोडा. हात लावण्याइतका असेल तर सेल बाहेर काढा आणि कॉइल तपासल्याशिवाय परत घालू नका. तांब्याच्या मॉडमध्ये जरा फसायला होतं, तांबं उष्णता पटकन पसरवतं म्हणून सगळीच नळी कोमट लागते, स्टीलमध्ये जागा बरोबर कळते.

आता हिशोब, हा प्रत्येक नव्या कॉइलला करायचाच. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट, भागिले कॉइलचा ओहम. ०.२५ ला १६.८ अँपिअर, ०.१५ ला २८. सॅमसंग २५आर सतत २० अँपिअर देतो, ३०क्यू १५ च, म्हणजे ०.२५ सुद्धा ३०क्यूला जास्त झाला. पल्स रेटिंगवर (काही सेकंदांपुरता मोठा करंट) जाऊ नका, बटण अडकलं तर पल्स वगैरे काही राहत नाही. ओहम रीडरवरच मोजा, साधा मल्टिमीटर इतक्या कमी ओहमला नीट दाखवत नाही. आणि १८६५० (सेलचा साइज) वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल सरळ खोटा. दोन सेल सिरीजमध्ये लावले की त्याच कॉइलला करंट दुप्पट, वॉट चौपट, नवख्यांनी तिकडे जाऊच नये.

सेलचा रॅप (वरचं प्लॅस्टिकचं आवरण) फाटला की वापरायचा नाही, कारण बाहेरचा सगळा डबा निगेटिव्ह असतो आणि नळीही, दोन्ही टेकले की बटण न दाबताच करंट सुरू होऊ शकतो. वरची पॉझिटिव्हजवळची गोल इन्सुलेटर चकती पण बघा. हायब्रिड टॉप (ॲटी थेट सेलवर टेकते असा) असेल तर ॲटीची ५१० पिन (खालची मधली पॉझिटिव्ह पिन) स्पष्ट बाहेर आलेली आणि पक्की हवी, ती आत असली तर ॲटीचे आटे थेट सेलच्या कडेवर टेकतात आणि डेड शॉर्ट होतो, तो थांबवायला आत काहीही नसतं. २०१८ मध्ये फ्लोरिडात मेक मॉड फुटून एक माणूस दगावला, म्हणून एवढं सांगतोय. नळीला वाफ जायला भोकं आहेत ना तेही बघून घ्या. खिशात ठेवताना बटण लॉक, सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत, किल्ल्यांबरोबर कधीच नाही.

फुसफुस आवाज आला किंवा गोडसर केमिकल वास आला तर तोंडापासून लांब करा, जमलं तर मोकळ्या जागेत टाका आणि मागे व्हा, तो धूर विषारी असतो. आग लागली तर लांबून भरपूर पाणी आणि फायर ब्रिगेडला फोन. विमानात सेल नेहमी केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, आणि सुट्टीला घरी भारतात येणार असाल तर मॉड तिकडेच ठेवून या.