वेग आहे, पण ड्रायव्हर सरळ जात नाही? गोल्फ क्लबचा शाफ्ट घेताना या चुका टाळा

रायगडात टेनिस क्रिकेट खेळत वाढलेल्या पोरांच्या मनगटात काय वेग असतो, ते मी जवळून बघतोय. भाताची कापणी झाली की शेतात पिच तयार होतं आणि पाऊस येईपर्यंत मॅचेस चालतात. ओव्हर मोजक्या, चेंडू हलका, काम एकच: उचलून मारायचं. गेल्या काही वर्षांत यातली तीन-चार पोरं माझ्यासोबत अलिबागहून वडखळ, पेण, पनवेल करत खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर यायला लागली. थोड्याच दिवसांत त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, ताशी १०५ ते ११० मैलांनी फिरायला लागतो. अमेरिकेच्या पीजीए टूरवरची सरासरी ११५ च्या आसपास आहे, म्हणजे हा वेग खरंच मोठा आहे. पण चेंडू निघतो सरळ आणि वळतो उजवीकडे, थेट झाडीत. यालाच स्लाइस म्हणतात. मग ठरलेलं वाक्य येतं: "दादा, शाफ्ट मऊ पडतोय. एक्स घेतो." शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा, आणि एक्स म्हणजे जास्त कडक दांडा.

वेगळा, चांगला शाफ्ट घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार रुपये सहज जातात. म्हणून त्या वाक्याशीच जरा थांबूया.

स्लाइसचं खापर शाफ्टवर फोडणं

चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे बहुतांशी फेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट भागाच्या, दिशेवर ठरतं, आणि कुठे वळणार हे फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. मार्ग बाहेरून आत येतोय आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उघडा (उजवीकडे वळलेला) आहे, तर चेंडू उजवीकडेच वळणार. शाफ्ट बदलून हे थोडं कमी-जास्त होईल, नाहीसं होणार नाही. क्रिकेटमधून आलेल्यांची पकड बॅटसारखी असते, डावा हात दांड्यावर डावीकडे जास्त वळलेला, म्हणजे गोल्फच्या भाषेत "कमकुवत" बसतो, आणि फेस वेळेत बंद होत नाही. आधी ते बघा.

दुसरं, चेंडू फेसवर कुठे लागतो ते बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाडसर ठिपका काढा, तो ठिपका फेसकडे ठेवून मारा. शाई फेसवर उमटते. असे दहा चेंडू मारा, प्रत्येक वेळी फेस पुसून. हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या कडेला) लागलेला चेंडू आणखी उजवीकडे वळतो, टोच्या बाजूला (दांड्यापासून लांबच्या कडेला) लागलेला डावीकडे. फेसच्या खालच्या भागात लागला तर स्पिन, म्हणजे चेंडूची उलटी गिरकी, वाढतो, वरच्या भागात लागला तर कमी होतो. म्हणजे खाली आणि हीलकडे लागत असेल तर ज्याला आपण "मऊ शाफ्टचा स्लाइस" म्हणतो तो तिथेच तयार होतोय.

एक साधा हिशेब या पोरांना मी नेहमी करून दाखवतो. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग हा आकडा ड्रायव्हरला जेमतेम १.५ पर्यंत जातो. १०८ मैलांनी फिरवून चेंडू कडेला लागला आणि हा आकडा १.३८ आला, तर चेंडू निघतो १४९ मैलांनी. १०२ मैलांनी फिरवून मधोमध लागला आणि १.४८ आला, तर १५१.

शाफ्टवरचं अक्षर वाचून निवडणं

आर, एस, एक्स ही अक्षरं चढत्या क्रमाने शाफ्टचा कडकपणा सांगतात, पण त्यांचं कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा एस दुसरीच्या एक्सच्या जवळ जाऊ शकतो. एकाच मॉडेलमध्येही ५० ग्रॅमचा एस आणि ७० ग्रॅमचा एस एकसारखे लागत नाहीत, जड असलेला बहुधा कडकच असतो. ताशी ९५ ते १०५ मैलांना एस आणि त्यापुढे एक्स, हा ठोकताळा सुरुवातीला धरायला ठीक आहे, पण निर्णय त्यावर घेऊ नका. दोन शाफ्टची खरी तुलना करायची तर मागचं, म्हणजे ग्रिपकडचं टोक शिकंज्यात घट्ट धरून पुढचं झुलवतात आणि मिनिटाला किती आंदोलनं होतात ते मोजतात. ज्याच्याकडे हे यंत्र आहे, त्याच्याकडून दोन्ही शाफ्ट मोजून घ्या.

फक्त सर्वांत जास्त वेग पाहणं

ही मला सर्वांत मोठी चूक वाटते, आणि टेनिस क्रिकेटवाले तिच्यात हमखास सापडतात. दोघांचा वेग १०८ असू शकतो. एकजण वरून सावकाश सुरुवात करतो आणि खाली येता येता वेग वाढवत नेतो. दुसरा बॅकस्विंगच्या टोकावरूनच हिसका देतो. शाफ्टला ताण देतो तो हा हिसका. ज्याचा वेग हळूहळू वाढतो त्याला १०८ ला सुद्धा एस छान चालतो, त्याला एक्स दिला तर दांडा हातात काठीसारखा लागतो, तो जोर लावायला जातो आणि लय तुटते. हिसकेवाल्याला मात्र वेग १०० असला तरी अधिक कडक आणि थोडा जड शाफ्ट मानवतो.

वजनाकडे तर कुणी बघतच नाही. दुकानात तयार मिळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा ५० ग्रॅमच्या आसपासचा शाफ्ट असतो. जोरात मारणाऱ्या बहुतेकांना ६० ते ७० ग्रॅम बरा पडतो, कारण क्लब कुठे आहे हे हाताला कळत राहतं. माझा अनुभव असा की दहा ग्रॅम वाढवल्यावर फेसवरचे ठिपके जितके जवळजवळ येतात, तितके फ्लेक्स (शाफ्टचा कडकपणा) बदलून येत नाहीत. म्हणून आधी वजन ठरवा, मग फ्लेक्स, आणि टॉर्क सर्वांत शेवटी. टॉर्क म्हणजे शाफ्ट किती पिळला जातो त्याचा अंशातला आकडा. साडेतीनच्या खालचे शाफ्ट वेगवानांसाठी बनवलेले असतात, पण फार कमी टॉर्क काहींच्या हाताला लाकडासारखा लागतो.

लांबी न तपासता कापणं

नियमांप्रमाणे ड्रायव्हर ४८ इंचांपर्यंत चालतो, आणि जानेवारी २०२२ पासून स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावण्याची मुभा आहे. दुकानातले बहुतेक साडेपंचेचाळीसच्या आगेमागे असतात, आणि अनेकांना तेही लांब पडतात. पण करवत काढण्याआधी आठवडाभर ग्रिप एक इंच खाली धरून खेळा. ठिपके मधोमध आले तरच कापा, तेही मागच्या, म्हणजे ग्रिपच्या बाजूने. पुढच्या टोकाकडून कापलं की शाफ्ट कडक होतो आणि परत जोडता येत नाही. माझा एक शाफ्ट दुरुस्ती करणाऱ्याने न विचारता टोकाकडून इंचभर कापला होता. त्यानंतर चेंडू कधी वर उठलाच नाही, आणि तो शाफ्ट मला सोडून द्यावा लागला. तेव्हापासून कापायच्या जागी मी स्वतः खूण करून देतो. मागून अर्धा इंच कापला तरी क्लबचं डोकं हाताला हलकं लागायला लागतं, तेव्हा सोलवर (डोक्याच्या तळाला) दोन-चार ग्रॅमची शिशाची पट्टी लावून बघा.

जुना शाफ्ट घेताना अडॅप्टर, म्हणजे शाफ्ट डोक्याला जोडणारा तुकडा, विसरू नका. एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीच्या डोक्यात बसत नाही, बऱ्याचदा त्याच कंपनीच्या जुन्या-नव्यातही नाही.

दुसरीकडचे आकडे इथे धरणं

लॉन्च मॉनिटरवर (चेंडूचा वेग, कोन आणि स्पिन मोजणाऱ्या यंत्रावर) जरूर जा. १०५-११० मैलांना उड्डाणाचा कोन ११ ते १५ अंश आणि स्पिन मिनिटाला २,००० ते २,६०० फेरे, इथे कुठेतरी बसलात की उत्तम. पण सरावाच्या रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंवर काढलेले आकडे धरू नका, आपला नेहमीचा चेंडू घेऊन जा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ, चेंडू थोडा लांब जातो. किनाऱ्यावर तेवढं अंतर मिळत नाही म्हणून शाफ्टला दोष देऊ नका. दमट हवा जड असते असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, प्रत्यक्षात ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते.

वारा मात्र खरा. दुपारी समुद्राकडून सुटणाऱ्या वाऱ्यात स्पिन जास्त असलेला चेंडू वर चढतो आणि जागच्या जागी खाली येतो. असं होत असेल तर आधी फेसच्या खालच्या भागात लागतंय का ते बघा, मग टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच करा, मग लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) बदलून बघा. हे तिन्ही करून स्पिन तीन हजारांच्या वरच राहिला, तर डोक्याकडच्या टोकाला कडक असलेला शाफ्ट मागवून बघा. उलट चेंडू खाली-खाली आणि उजवीकडे जात असेल, हाताला धक्का बसत असेल, तर शाफ्ट बहुधा जास्त कडक आहे.

आणि मारताना आतून खडखड ऐकू आली, किंवा डोक्याजवळची काळी प्लास्टिकची रिंग वर सरकलेली दिसली, तर दुरुस्त होईपर्यंत तो क्लब वापरू नका. मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत राहिली की आतला गोंद सैल पडू शकतो, आणि ११० मैलांनी सुटलेलं डोकं समोरच्याला लागलं तर काय होईल ते सांगायला नको. ग्राफाइट खाऱ्या हवेत गंजत नाही, अडॅप्टरचा स्क्रू गंजू शकतो. पावसाळ्यात तो अधूनमधून सोडून कोरड्या फडक्याने पुसा आणि टॉर्कच्या पान्याने (इथे टॉर्क म्हणजे आवळण्याचा जोर) टिक असा आवाज येईपर्यंत परत आवळा.